तिचा एकच फोटो

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. तिला चौथं वर्ष लागलं आणि पावसाळ्यातल्या एका तापात ती गेली. मी नंतरची, म्हणून मी तिला पाहिलेलं नाही. तिचा एकच फोटो होता. तो बाबांच्या पेटीत होता आणि पेटीची किल्ली बाबांच्या जानव्याला होती.

मी ज्या वर्षांबद्दल लिहिते आहे, त्या वर्षांत आईचे डोळे जात होते. डोळे पुरते जाण्याआधी तिला तो फोटो एकदा पाहायचा होता. दुसरं काही तिनं मागितल्याचं मला आठवत नाही.

आम्ही ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या घरात राहायचो. बाबा रेल्वेच्या माल कार्यालयात कारकून होते. वर्धेकडून रायपूरला आले ते नोकरीसाठी, आणि निवृत्त होऊनही इथंच राहिले. नवं राज्य झालं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीच्या तोंडावरच्या मिठाईवाल्यानं पाटी रंगवून घेतली आणि दुकानाच्या नावाआधी ‘राजधानी’ असा शब्द घातला. जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांच्या पाट्या लागल्या. मी सरकारी कॉलेजात इतिहास शिकवायचे. घरात मराठी बोलायचे आणि दिवसभर हिंदी.

बाबांसारखा फोटो जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पेटी जस्ती पत्र्याची होती. ती विटांवर ठेवलेली असायची, म्हणजे खालून वाळवी चढत नाही, आणि भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही. आत जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे, प्रत्येक फोटोवर बटर पेपर. वर्तमानपत्र नाही, कारण त्याची शाई उतरते. प्लास्टिकही नाही, कारण त्याला घाम येतो. डांबराच्या गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, आणि पुरचुंडी झाकणाच्या आतून टांगलेली, कुठल्या फोटोला शिवणार नाही अशी. कोपऱ्यात एका वाटीत खडूचे तुकडे. ते हवेतला दमटपणा ओढून घेतात, असं ते सांगायचे. दर वर्षी ते तुकडे उन्हात वाळवून परत ठेवायचे. फोटोच्या मागं कधी पेनानं लिहायचं नाही, मऊ पेन्सिलनं लिहायचं. हातात धरायचा तो कडेनं.

पेटी वर्षातून एकदा उघडायची. दिवाळी झाल्यावर रायपूरची हवा कोरडी होते आणि संक्रांतीपर्यंत तशी राहते. त्या दिवसांत एका सकाळी बाबा आंघोळ करून, हात कोरडे करून बसायचे. पांढऱ्या चादरीवर फोटो मांडायचे. आजोबा, काका, कुणाकुणाच्या मुंजी, वर्धेच्या घरासमोरची गाय. आम्ही बाजूला बसून पाहायचं, हात मांडीवर ठेवून. तळाशी एक खाकी लिफाफा असायचा. तो ते काढायचे, बाहेरून झटकायचे आणि न उघडता परत ठेवायचे. त्यात ती होती.

या पेटीपायी आईच्या खोलीत कधी कूलर लागला नाही. रायपूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला याचा अर्थ कळेल. लोक एप्रिलपासूनच गवताच्या ताट्या बदलून कूलर लावतात आणि पाऊस येईपर्यंत त्याच्यासमोरून हलत नाहीत. पण कूलरची हवा ओली. फोटोला तिच्याइतका मोठा शत्रू नाही, असं बाबांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. आई एकदा म्हणाली की मग पेटी दुसरीकडं ठेवा. बाबा म्हणाले की दुसऱ्या खोलीला मोरीची भिंत लागून आहे. तिसरी खोली नव्हती. आई ओलं फडकं छातीवर घेऊन झोपायची. बाबाही त्याच खोलीत झोपायचे, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनाही घामोळं व्हायचं. पण त्यांनी ते स्वतः ठरवलं होतं.

फोटो मुळात पेटीत नव्हता. आधी तो आईच्या कपाटात असायचा, साड्यांच्या घडीत. गेलेल्या लहान मुलांचे फोटो आमच्याकडं भिंतीवर लावत नाहीत. त्यामुळं त्याला ना काच होती, ना चौकट. मी प्राथमिक शाळेत असताना, नवरात्रातल्या अष्टमीला, आईनं गल्लीतल्या मुलींना कुमारिका म्हणून जेवायला बोलावलं होतं. ती त्यांना ओळीनं पाटांवर बसवून, पाय धुऊन, ओलं कुंकू लावत होती. शेवटचा एक पाट रिकामा होता. ती आत गेली, फोटो घेऊन आली, त्या पाटावर भिंतीला टेकवून उभा केला आणि बाकीच्या मुलींना लावलं तसंच तिलाही लावलं. पुढ्यात पान मांडलं. तिनं हे अगदी सहज केलं. एक मुलगी हसली, तर आईही हसली.

त्या दिवशी मी तो फोटो पाहिलाच असणार. पण मला आईचं लाल बोट आठवतं, चेहरा आठवत नाही.

बाबा दुपारी ऑफिसातून आले तेव्हा फोटो पाटावरच होता. काच असती तर कुंकू पुसून निघालं असतं. उघड्या फोटोवर ओलं कुंकू लागलं की ते आत मुरतं. बाबांनी फोटो उचलला, उजेडाकडं धरला आणि एवढंच म्हणाले, “नासवला.” त्या दिवसापासून तो पेटीत गेला.

पुढं ही घरातली थट्टा झाली. पाहुणे आले, फोटोंचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, “आमच्या मोठीचा एक फोटो होता. हिनं त्याची पूजा केली.” पाहुणे हसायचे. आई चहा आणायला उठायची. दूध उतू गेलं, लोणच्याला बुरशी आली की बाबा म्हणायचे, हिच्या हातात काही टिकत नाही. टिकत नाही म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. आपल्या हातानं फोटो बिघडला, हे तिनं मान्य केलं होतं.

मग तिचे डोळे. आधी ती दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली, मग ताटाशेजारचा पेला सांडू लागली. मी तिला समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आम्हाला वाटलं होतं मोतीबिंदू असेल, ऑपरेशन होईल. काचबिंदू निघाला. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. “माताजी, जितना गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसको संभालना है.” आईनं विचारलं की किती दिवस संभालेगा. ते म्हणाले की बहुत देर से आए हैं, दवा डालते रहिए.

परत येताना रिक्षात ती मला म्हणाली की बाजूचं दिसत नाही, पण समोरचं अजून दिसतं. नळीतून पाहिल्यासारखं. समोर धरलं तर तोंड ओळखू येतं. ती हे का सांगते आहे ते मला घरी गेल्यावर कळलं. तिनं चप्पल काढली आणि बाबांना म्हणाली, “मले एकदा पाहू द्या तिले.”

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, “पावसाळा आहे.”

ते खरं होतं. पाऊस लागला होता. पावसाळ्यात पेटी उघडायची नाही, हा नियम त्यांनी माझ्यासाठीसुद्धा कधी मोडला नव्हता. आईनं दसऱ्यानंतर पुन्हा विचारलं. ते म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, पेटी उघडली, चादरीवर आजोबा आणि काका आणि गाय मांडली गेली. आई माझ्या शेजारी बसून होती, मान इकडून तिकडे वळवत एकेक फोटो शोधत होती. लिफाफा आला तेव्हा ती पुढं सरकली. बाबांनी तो झटकला.

“तुमीच धरा,” आई म्हणाली. “मी हात नाई लावत. हात मागं बांधते, मंग तर झालं?”

“डाग पडलेला फोटो आहे. हवा लागली की डाग पसरते.”

“मीच पाडला न तो. पाहू द्या काय झालं त्याचं.”

“काहून पाहतेस? पुन्हा लावशील काही.”

त्यांनी लिफाफा परत ठेवला. आईनं खरंच हात मागं घेतले होते, ते तिनं तसेच ठेवले. पेटीला कुलूप लागल्यावर तिनं ते पुढं आणले.

मी मध्ये पडले. मी म्हणाले की फोटो माझ्याकडं द्या, मी त्याची नक्कल करून आणते, मोठी करून आणते, मग आई हवं तितक्या वेळा पाहील. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं की हे तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात लिहिलं आहे का. मी किल्ली मागितली. ते म्हणाले, “मी मेल्यावर घे.” ते हे रागानं म्हणाले नाहीत. किल्ली कधी मिळेल ती वेळ सांगितल्यासारखं म्हणाले.

आई तरी गप्प बसली नाही. तिचं विचारणं बारीक झालं, पण चालू राहिलं. भाजी चिरता चिरता, औषधाचे थेंब घालून डोळे मिटून पडली असताना, ती म्हणायची, “आज खिडकीचे गज दिसून राहिले.” म्हणजे अजून वेळ आहे. मग गज दिसेनात, तेव्हा म्हणायची, उजेड कुठून येतो ते कळतं. बाबा ऐकायचे. एकदा मी त्यांना दवाखान्यातला कागद दाखवला, डॉक्टरांनी काय सांगितलं ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आता तिले कुठं दिसते. काढून काय फायदा.” आई आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

मधे एकदा बाबांनी तिला दुसरा उपाय सुचवला. माझ्याकडं बोट करून म्हणाले, “हिच्याकडं पाह्य न. अशीच होती.”

आईनं मान वळवून मला नळीत धरलं. बराच वेळ पाहिलं. मी कॉलेजला जायला निघाले होते, हातात पर्स होती.

“नाई,” ती म्हणाली. “हे नाई तशी.”

डोळे गेले ते उन्हाळ्यात, त्याच खोलीत. एका सकाळी तिनं चहा घेतला, कप ठेवायला हात लांब केला आणि टेबल सापडेना. मला हाक मारून म्हणाली की दिवा लाव. दिवस चांगला वर आला होता.

त्या हिवाळ्यात बाबांनी पेटी उघडली आणि आपणहून आईला हाक मारली. “ये. तुले पाह्यचा होता न.”

ते आईचे डोळे जाण्याची वाट पाहत होते का, हे मला माहीत नाही. त्यांनी लिफाफा उघडला तो त्यानंतर, एवढंच मी पाहिलं. कदाचित त्यांना दया आली असेल. कदाचित आता धोका उरला नाही असं वाटलं असेल. माणसाच्या मनात दोन्ही एकदम असू शकतं.

आई चादरीशेजारी बसली. बाबांनी बटर पेपर काढला आणि फोटो तिच्या हातात दिला. “कडेनं धर,” ते म्हणाले, आणि तिची बोटं धरून कडांवर नेऊन ठेवली. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तरुण बाबा उभे होते, आई खुर्चीवर बसली होती, मांडीवर एक फ्रॉक होता. फ्रॉकच्या वर एक पांढरा खड्डा होता. बाकीचं मी त्या दिवशी पाहिलंच नाही.

आईनं कडा सोडल्या. अंगठा वरून खाली आणला. चकचकीत कागदावरून तो सरळ घसरत आला आणि मध्ये थांबला. तिनं तो मागं नेला, पुन्हा आणला. पुन्हा तिथंच थांबला. फोटोचा वरचा सायीसारखा थर निघून गेलेला, धागे उठलेला कागद बोटाला कळतो.

“हे काय झालं?”

बाबा म्हणाले, जुना फोटो आहे.

“माझं तोंड आहे?”

“आहे.”

“तुमचं?”

मी म्हणाले, “आहे, आई.”

“मंग तिचंच कसं गेलं?” ती माझ्याकडं वळलीच नाही. बाबा जिकडून बोलत होते तिकडं तोंड करून होती. “कशानं पुसलं तुमी?”

बाबांनी सांगितलं. आजवर इतकं लपवलं, पण विचारल्यावर ते खोटं बोलले नाहीत. ऑफिसात आवक-जावकच्या कागदावर शाईचा डाग पडला, आकडा चुकला, की अर्ध्या ब्लेडनं तो हलक्या हातानं खरवडून काढायची पद्धत होती. मग नखानं घोटून कागद गुळगुळीत करायचा. या कामात बाबांचा हात चांगला होता. दुसरे कारकून आपले कागद त्यांच्याकडं आणायचे. कुंकू लागलं त्याच दिवाळीत त्यांनी फोटो घेऊन ब्लेड चालवलं. फक्त लाल तेवढं काढायचं होतं. पण कुंकू कपाळावरून खाली ओघळलं होतं, आणि फोटोचा कागद ऑफिसच्या कागदासारखा नसतो. एक थर निघाला की सगळं पांढरं. कपाळ गेलं, मग ते सारखं करायला गेले तर डोळे गेले, मग उरलेलं तोंडही.

“म्हणजे इतके वर्सं,” आई म्हणाली, “तुमी मलेच बोलून राहिले होते.”

“कुंकू तर तूच लावलं होतं.”

आईनं फोटो त्यांच्या हातात न देता चादरीवर ठेवला, उलटा. पेटीतली बाकीची माणसं तशीच पसरलेली होती. बाबांनी एकेक करून गुंडाळली.

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी आई बाबांच्या खुर्चीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, “सांगा. कशी होती दिसाले.”

बाबांना आधी कळलं नाही. मग ते सांगू लागले. कपाळ मोठं होतं. केस कुरळे, मागं जास्त. डोळे आईसारखे, नाक वर्धेच्या आजीसारखं. खालचा ओठ जरा पुढं. पाळण्यातून पडली होती, त्याची भुवईच्या टोकाशी एक बारीक खूण होती, उजव्या.

“डाव्या,” आई म्हणाली.

“हो. डाव्या.”

दुसऱ्या संध्याकाळी तीच वेळ. सांगा. कपाळ, केस, डोळे, नाक, ओठ. भुवईवरची खूण, डाव्या.

“उजव्या,” आई म्हणाली. “तुमाले तर आठवतही नाई.”

“काल तूच डाव्या म्हटलं.”

“मी आंधळी आहो. तुमी तर पाह्यलं न? ब्लेड फिरवून राहिले होते तवा समोरच होती ती.”

हे रोज चाललं. मी स्वयंपाकघरात असायचे, मधलं दार लोटलेलं. आई कधी आवाज चढवायची नाही. शाळेत धडा म्हणून घेतात तसं ती म्हणून घ्यायची आणि चूक काढायची. फ्रॉकचा रंग चुकला. दात किती आले होते ते चुकलं. कानात काय होतं, ते बाबांना सांगताच येईना. “पाळण्यातून पडली तवा कोण होतं जवळ?” असं एकदा तिनं विचारलं, आणि बाबा इतका वेळ गप्प राहिले की मी भाजीचा गॅस बंद केला. दुपारी ते खुर्चीत बसून ओठ हलवायचे. मला वाटलं जप करतात. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, कपाळ मोठं, केस मागं जास्त.

त्यांना ताप आला तेव्हा मी आईला म्हणाले, आज राहू दे. ती म्हणाली की ताप अंगाला आहे, तोंडाला नाही. आणि बाबांनीच पलंगावरून सुरुवात केली.

मी हे थांबवायचा फार प्रयत्न केला नाही. या घरात त्या मुलीबद्दल एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. ते दोघं एकमेकांसमोर बसून एवढा वेळ कधी बोलले नव्हते. हे बोलणं कशासाठी होतं हे तिघांनाही कळत होतं, तरी संध्याकाळ झाली की बाबा खुर्ची थोडी पुढं ओढून घ्यायचे.

बाबा पुढच्या पावसाळ्यात गेले. किल्ली मी जानव्यातून सोडवून घेतली. तेरावं झाल्यावर आईनं मला कूलर आणायला सांगितलं आणि तिच्या खोलीत लावून घेतला, पाऊस होता तरी. पेटी मी माझ्या खोलीत नेली.

कुणीतरी तिला सांगितलं की हल्ली कॉम्प्युटरवर जुने फोटो नवे होतात. ती म्हणाली, विचारून ये. मी फोटो घेऊन समता कॉलनीतल्या एका स्टुडिओत गेले. तिथला माणूस अदबीचा होता. त्यानं फोटो काचेखाली ठेवून मोठा करून पाहिला आणि म्हणाला की बाकी सब बढ़िया है, ऐसा संभाला हुआ फोटो कम आता है. चेहऱ्याचं मात्र काहीच शिल्लक नाही, तो आणायचा कुठून. मग त्याला सुचलं. “दीदी, आपकी बचपन की कोई फोटो होगी ना? वही लगा देते हैं. बहन ही तो है. कोई पहचानेगा नहीं.”

मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिनं कूलरकडं तोंड केलं होतं.

“तुझं नको,” ती म्हणाली. “तुले तर सगळंच भेटलं. तोंड तरी तिचं तिले राहू दे.”

सगळंच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीला, ती मला म्हणाली, तू सांग. मी तिच्यासमोर बसले. मला सगळं पाठ होतं. कपाळ मोठं, केस कुरळे आणि मागं जास्त, डोळे तुझ्यासारखे, नाक वर्धेच्या आजीसारखं. खूण मी आधी डाव्या भुवईवर सांगितली, मग थांबून म्हणाले की किंवा उजव्या. फ्रॉक फिकट निळा. मी शिकवते तशी, सावकाश बोलत होते. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकही चूक काढली नाही. मला वाटलं, बरोबर झालं.

“तू कुठं पाह्यली होती तिले,” ती म्हणाली आणि उठून गेली.

पुन्हा तिनं मला विचारलं नाही. संध्याकाळी ती खोलीत एकटी बसायची, कूलरच्या आवाजात. ती काही म्हणत असली तरी बाहेर ऐकू येत नव्हतं.

आई गेली त्याला आता बरेच महिने झाले. तेराव्याला समोर ठेवायला फोटो हवा होता. डोळे गेल्यावर तिनं फोटो काढूच दिला नव्हता, आणि त्याआधी तिचे फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी पेटी काढली. तिचा चेहरा नीट दिसेल असा तो एकच फोटो होता. मी तोच घेऊन पुन्हा त्या स्टुडिओत गेले आणि म्हणाले की आईचं खांद्यांपासून वरचं तेवढं घ्या, बाकीचं सोडून द्या.

त्यानं पडद्यावर आईचा चेहरा मोठा केला, तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. ती कॅमेऱ्याकडं पाहतच नव्हती. बाबा सरळ समोर पाहत होते, आणि ती खाली पाहत होती. फोटोवाल्यानं वर पाहायला सांगितलं असेलच. तिनं ऐकलेलं दिसत नाही. ओठ किंचित उघडे होते, मुलीशी काहीतरी बोलत असल्यासारखे. तसं माझ्याकडं पाहताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

स्टुडिओवाला म्हणाला, “नीचे देख रही हैं माताजी. फ्रेम में अच्छा नहीं लगेगा. आँखें सामने कर दूँ?”

मी म्हणाले, “कर दीजिए.”

तेराव्याला आलेल्या बायकांनी फोटोचं कौतुक केलं. असं वाटतं की आपल्याकडंच पाहताहेत, असं एक जण म्हणाली. मी तिला प्रसाद दिला.